‘जिवेभावे’ : अर्थ आणि वापर

प्रश्न (नंदुरबार) : बायबलमधील कलस्सैकरांस पत्रातील ‘प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे वचन (३:२३) आमच्या मंडळीतील मुले पाठ करतात. ‘जिवेभावे’ हे ‘मनापासून’हून वेगळे आहे का? आणि ते प्रार्थना-उपासनेलाच लावावे की रोजच्या कामालाही?

उत्तर (भुसावळ) : ‘जिवें’ आणि ‘भावें’ ही जुनी तृतीयेची रूपे असून ‘मनोभावे’ हा शब्दही त्याच घडणीचा आहे. मूळ ग्रीकमध्ये येथे ‘जिवातून’ अशा अर्थाचा प्रयोग आहे. भाषांतरकारांनी त्यासाठी संतवाणीतून रुळलेला शब्द निवडला, हे मला फार मोलाचे वाटते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही अभंग लिहिणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या परंपरेला ही निवड शोभणारी आहे. ‘मनापासून’ म्हणताना इच्छा पुरते, ‘जिवेभावे’ म्हणताना मात्र माणूस स्वतःच त्या कामात उतरतो. अहिराणीत आपण ‘जीव लाईसन कर’ म्हणतो, ते याच्या सर्वांत जवळचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आदल्याच वचनात आहे. तेथे पत्राचा लेखक पौल दासांना उद्देशून बोलतो आणि ‘तोंडदेखल्या चाकरी’चा निषेध करतो, म्हणजे विषय उपासनेचा नसून धन्याच्या घरच्या कामाचा आहे. मात्र हे वचन दाखवून कोणाकडून फुकट राबवून घेणे सर्वथा चूक आहे, कारण पुढच्याच अध्यायाच्या आरंभी (४:१) धन्यांनी दासांशी न्यायाने वागावे असे बजावले आहे.

उत्तर (नवापूर) : वरील विवेचनाशी मी सहमत आहे. आमच्या तालुक्यात चिंचपाड्याला १९४२ पासून ख्रिस्ती रुग्णालय आहे, आणि या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. सांधे ठणकत असलेल्या मुलाची सलाईन रात्री दोन वाजता तपासणारी, त्याला घोटघोट पाणी पाजणारी आणि नातेवाईक झोपलेले असतानाही तितक्याच हळुवारपणे त्याची कूस बदलणारी परिचारिका जे करते, त्याला ‘जिवेभावे’ हाच शब्द लागू पडतो, कारण त्या वेळी तिचे काम पाहणारे माणूस कोणीच नसते. आपल्याकडे ‘ते सेवेत आहेत’ असे केवळ पाळकांविषयी म्हणण्याची रीत पडली आहे. या रीतीने ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ अकारण आखडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न (नंदुरबार) : आभारी आहे. ‘जिवाभावाने’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर (भुसावळ) : अर्थाला बाध येत नाही, परंतु ‘जिवाभावाचा’ हे विशेषण मित्राला, सोबत्याला लावण्याची सवय असल्यामुळे ‘जिवाभावाने’ वाचताना जिव्हाळ्याची छटा पुढे येते आणि झोकून देण्याची मागे पडते. वचन पाठ करताना ‘जिवेभावे’च ठेवावे, आणि पहिले अक्षर ऱ्हस्व लिहावे.