मदत हवी आहे : जुनी ब्रिटिश कॅरव्हान, कंपनी आणि साल कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये, नॉर्फोकला राहतो. शेजारच्या आजींच्या परसात ताडपत्रीखाली एक जुनी कॅरव्हान (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर) कित्येक वर्षं उभी होती. आजोबा गेले, आजी आता लेकीकडे राहायला चालल्यात. भंगारात घालण्यापेक्षा तुम्हीच न्या, म्हणाल्या. ती आता आमच्या दारात आहे आणि तिला पुन्हा रस्त्यावर काढायचं असं आम्ही घरात सगळ्यांनी ठरवलंय. पण ती कुठल्या कंपनीची आणि कुठल्या सालची हेच कळत नाहीये. आजींना एवढंच आठवतं की लेक शाळेत जायला लागण्याआधी त्यांनी ती कुणाकडून तरी वापरलेलीच घेतली होती.

कागदपत्रं नाहीत. इथे कॅरव्हानची गाडीसारखी सरकारी नोंदणी होत नाही, ओढणाऱ्या गाडीचाच नंबर तिच्या पाठीवर लावतात. खिडक्यांच्या काचांवर १७ आकडी-अक्षरी क्रमांक कोरायची 'क्रिस' पद्धत १९९२ मध्ये आली. ही कॅरव्हान त्याच्या खूप आधीची. आजोबांनी कधीतरी ब्रशने बाहेरून हिरवा रंग मारलाय, त्यात नाव, बिल्ला, सगळं गेलं.

दिसतंय ते असं. बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी चौकट, छताला आतून हार्डबोर्ड. खोकं साधारण पावणेचार मीटर लांब. खिडक्यांना एकेरी खरी काच आणि अॅल्युमिनियमची फ्रेम. आत दोन गॅसचे दिवे आहेत, आपल्याकडे पेट्रोमॅक्सला असायचं तसं मेंटलवाले. फ्रिज नाही, त्याच्या जागी तळाला जाळी असलेलं कपाट. सिंकला पायाने दाबायचा पंप. पुढे गाडीला जोडायच्या जोडणीवर एक छोटी लोखंडी पट्टी आहे, मागे घेताना ती हाताने आडवी करावी लागते, नाहीतर ब्रेक लागतात. मागे '५०' लिहिलेली काळी पाटी आहे.

साल कळण्याची घाई अशासाठी की पुढच्या डाव्या कोपऱ्यातली चौकट कुजली आहे. बोट दाबलं की लाकडाचा भुगा होतो. पत्रा उघडण्याआधी मूळ बांधणी कशी होती हे कळलं तर तशीच करता येईल. खिडक्यांचं रबरही मॉडेलप्रमाणे बदलतं म्हणतात. कुणाला यातलं माहीत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

छान काम हाती घेतलंय तुम्ही! आधी '५०' च्या पाटीवरून साल काढू नका. कॅरव्हानची वेगमर्यादा ४० वरून ५० मैल झाली १९७० च्या दशकात, आणि तेव्हा जुन्या कॅरव्हानवरही लोकांनी ती पाटी लावली. म्हणजे ती तेव्हा वापरात होती, इतकंच.

न बदलता येणाऱ्या गोष्टी बघा. मागे मूळचा फॉग लॅम्प आहे का? ऑक्टोबर १९७९ पासून बनलेल्यांना तो सक्तीचा झाला. हाताने फिरवायची पट्टीही ती जुनी असल्याचंच सांगते, कारण मागे घेताना आपोआप सुटणारे ब्रेक एप्रिल १९८९ पासूनच्या ट्रेलरना सक्तीचे आहेत. खरी काच, गॅसचे दिवे आणि फ्रिजऐवजी जाळीचं कपाट असणं हे सगळं धरलं तर मी १९६० च्या दशकाकडे झुकेन.

काचेच्या कोपऱ्यात ट्रिपलेक्स या काच कंपनीचा शिक्का असेल तर भिंगाने बघा. अक्षरांच्या वर-खाली बारीक ठिपके असतात, त्यावरून काचेचं साल आणि तिमाही काढता येते. एकाच काचेवर विश्वास ठेवू नका, मधे फुटून बदललेली असू शकते. तीन-चार काचा एकाच सालच्या निघाल्या तर मात्र ते साल धरून चालायला हरकत नाही.

आणि जोडणीचा कप! ओढणाऱ्या गाडीच्या मागे गोळा असतो, त्यावर तो बसतो. जुन्या ब्रिटिश जोडण्या दोन इंची गोळ्यासाठी असायच्या, हल्लीचा गोळा ५० मिलिमीटरचा असतो. फरक एक मिलिमीटरहूनही कमी, पण दोन इंची कपात तो सैल बसतो. कपावर काय कोरलंय ते वाचल्याशिवाय ओढू नका.

प्रतिसाद २

नावासाठी एक युक्ती. रात्री अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा, पुढच्या खिडकीखाली आणि दाराशेजारी. रंगाखालच्या जुन्या अक्षरांच्या कडा आणि बुजवलेली भोकं उठून दिसतात.

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्यांच्या पाठी बघा, कपाटांच्या आतल्या बाजूही. कारखान्यातले कामगार पेन्सिलीने आकडे लिहायचे. लिनोलियमखाली जुनं वर्तमानपत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

शेगडीमागे करडा, कडक तक्ता असेल तर तो फोडू किंवा घासू नका. त्या काळात उष्णता अडवायला अॅस्बेस्टॉस सर्रास वापरायचे, आधी तपासून घ्या. गॅसचे दिवेही मेकॅनिकने पाहिल्याशिवाय पेटवू नका, तोही 'गॅस सेफ' या इथल्या गॅस कारागिरांच्या नोंदणीतलाच हवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. मूळचा फॉग लॅम्प नाही. कपावर दोन इंचाची खूण स्पष्ट आहे, त्यामुळे तिला आता ट्रेलरवर चढवूनच हलवणार. शेगडीमागचा तक्ता करडाच आहे, त्याला हात लावलेला नाही.

टॉर्चचा प्रयोग कामी आला! पुढच्या खिडकीखाली तिरप्या उजेडात शेवटची अक्षरं दिसली : आय, एन, ई. त्याआधीचं सगळं पुट्टीत बुजलंय. स्प्राइट अल्पाइन असेल का? स्प्राइट इथून जवळच न्यूमार्केटला बनायच्या, त्यामुळे मन तिकडे ओढ घेतंय. सॅम अल्पर यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी सामान्य माणसाला परवडेल अशी कॅरव्हान म्हणून स्प्राइट काढली, १९६० मध्ये एकल्स ही जुनी कंपनी विकत घेतली. (इथल्या हायवेवर पूर्वी असलेली लिटल शेफ हॉटेलंही त्यांनीच सुरू केली, १९५८ ला रेडिंगमधून.) पण १९८२ मध्ये त्यांचा सगळा कॅरव्हान समूह बुडाला, त्यामुळे कंपनीला पत्र लिहून विचारायची सोय नाही.

प्रतिसाद १

लांबी आणि ती तीन अक्षरं अल्पाइनला जुळतात, पण ते मॉडेल बरीच वर्षं निघत होतं. पुढच्या-मागच्या भिंतीचा उतार आणि खिडक्यांची मांडणी जुन्या माहितीपत्रकांशी ताडून बघा. चारही बाजूंचे सरळ समोरून फोटो काढा आणि हिस्टॉरिक कॅरव्हान क्लब किंवा पीरियड अँड क्लासिक कॅरव्हान क्लबला पाठवा. तिथल्या लोकांना नुसत्या मागच्या दिव्यावरून साल सांगता येतं. चासीचा नंबर सापडला का?

धागाकर्ती

ड्रॉबारवर (पुढच्या ओढायच्या दांड्यावर) रंगाच्या थराखाली काहीतरी ठोकलेलं हाताला लागतंय. ग्राइंडर लावला तर आकडेच जातील, म्हणून रंग उतरवायचं जेल आणून हळूहळू काढतेय. पहिला आकडा बहुतेक ६ आहे. पूर्ण नंबर आणि फोटो शनिवारी इथेच टाकते. तोवर कुणाकडे साठच्या दशकातल्या अल्पाइनचा आतला फोटो असेल, विशेषतः पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या कपाटाचा, तर नक्की द्या. आमच्याकडचं ते कपाट कुणीतरी काढून टाकलंय आणि चौकट तिथेच कुजली आहे.