ब्रेक दाबला की उजवीकडे, सोडला की डावीकडे: जुन्या पिकअपला झालंय काय?

जुनं_धूड
मंडळी, गाडी वीस वर्षांची पिकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम. दोन महिन्यांपूर्वी पुढच्या दोन्ही कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा चिमटा) सील किट मी स्वतः बदलली (हो, व्हिडिओ बघून. हसून घ्या). तेव्हापासून पेडल जरा मऊ लागतं, पण दोनदा दाबलं की टणक होतं, म्हणून सोडून दिलं.

आता पंधरा दिवसांपासून भलतंच सुरू झालंय. ब्रेक दाबला की गाडी आधी उजवीकडे झेपावते, मग सरळ होते. पाय काढला की डावीकडे ओढत राहते आणि थोडं पुढे गेल्यावर आपोआप ठीक. काल उतरलो तर पुढच्या डाव्या चाकापाशी जळका वास, रिमला हात लावायची सोय नाही. उजवं चाक नुसतं कोमट. डावीकडचे पॅड आतला-बाहेरचा दोन्ही सारखेच झिजलेत, पण उजवीकडच्यांच्या निम्मेच उरलेत. डावा कॅलिपर माझ्याच हातून बिघडला असं धरून नवा आणायला निघालोय. जाऊ का थांबू?

घाईत_आहे
डिस्क वाकडी झाली असेल. डिस्क, पॅड, कॅलिपर सगळं एकदम नवं टाका, कटकट मिटेल.

डबल_क्लच
जुनं धूड, थांबा. डिस्कचा दोष असता तर पेडल पायाखाली धडधडलं असतं, स्टिअरिंग थरथरलं असतं. गाडीने अशी बाजू बदलली नसती.

तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. दाबताना उजवीकडे, म्हणजे डाव्या चाकाला ऑईलचा दाब उशिरा पोचतो. सोडल्यावर डावीकडे, म्हणजे तोच दाब उशिरा परत येतो. जाताना अडतं आणि येतानाही अडतं. कॅलिपर गंजून घट्ट झाला असता तर साधारण एकाच गोष्टीची तक्रार असती. स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) अडकल्या असत्या तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लेला दिसला असता. तुमचे दोन्ही सारखे आहेत. माझा संशय रबरी होजवर, म्हणजे कॅलिपरपर्यंत ऑईल नेणाऱ्या नळीवर आहे. बाहेरून नवाकोरा दिसतो, आतला थर सुटून फुगलेला असतो.

पण संशयावर पार्ट आणू नका. दाब कुठे कोंडलाय ते बघा. मागच्या चाकांना ओंडके लावा, पुढचं डावं चाक उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नको. ब्रेक चार-पाच वेळा जोरात दाबून सोडा. चाक हाताने फिरत नसेल तर आधी चॅसिसजवळ, जिथे लोखंडी पाईप होजला मिळतो, तो नट जरासा ढिला करा. चाक सुटलं तर दोष त्याच्या वर, मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलने दाब तयार करणाऱ्या पंपाकडे. (तुमच्यासारख्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकांची लाईन बहुधा एकच असते, त्यामुळे तसं असतं तर उजवंही धरलं असतं.) नाही सुटलं तर तो नट आवळा आणि कॅलिपरवरचं निपल (हवा-ऑईल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडा. पिचकारी उडून चाक सुटलं तर होज गेला. तरीही नाही सुटलं तर पिस्टन किंवा पिना.

हाच क्रम ठेवा. निपल आधी उघडलंत तर दाब निघून जातो, सगळा पुरावाच जातो.

आणि एक सांगा: सील किट घालताना कॅलिपर कुठे ठेवला होता?

जुनं_धूड
केलं तसंच. चॅसिसचा नट ढिला केला, चाक ढिम्म. निपल उघडलं आणि ऑईल थेट माझ्या बाहीवर, चाक भिंगरीसारखं मोकळं!

कॅलिपर… डावा, होज सोडेपर्यंत, होजलाच लटकत होता. उजवा तारेने बांधला होता, कारण तोवर व्हिडिओचा पुढचा भाग बघून झाला होता.

डबल_क्लच
म्हणजे होजचा खून तुम्हीच केलात :) लटकत्या कॅलिपरच्या वजनाने तो आतून सुटला. होज दोन्ही बाजूंचे बदला, वय दोघांचं सारखंच आहे. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे नवे वायसर टाका. बसवल्यावर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून होज कुठे पिळतो किंवा घासतो का ते बघा.

ऑईलही नवं भरा. ऑईलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या. डॉट ३ (ब्रेक ऑईलचा एक प्रकार) नवं असताना २०५ अंशांच्या आधी उकळायला नको, पण पाणी शोषल्यावर तीच हद्द १४० पर्यंत खाली येते. तुमचं डावं चाक पंधरा दिवस भट्टीत होतं.

हातकाळे
मध्येच बोलतो. त्या मऊ पेडलबद्दल कोणीच विचारलं नाही. बसवलेल्या कॅलिपरचं निपल वरच्या टोकाला आहे की खालच्या?

जुनं_धूड
आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. खाली. दोन्हीकडे.

हातकाळे
डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलाय. हवा वर चढते, निपल खाली, मग कितीही ब्लीडिंग करा (निपलमधून हवा काढा), ऑईल येत राहील आणि हवेचा बुडबुडा पिस्टनच्या वर बसून राहील. अदलाबदल करा, मग हवा काढा. पेडल दाबणाऱ्या माणसाच्या पायाखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पेडल तळापर्यंत जाऊ देऊ नका. जुन्या मास्टर सिलिंडरची सीलं एरवी जिथे कधी जात नाहीत तिथल्या गंजावर घासली की फाटतात, आणि मग तुम्ही इथे तिसरा प्रश्न घेऊन याल.

जुनं_धूड
दोन्ही होज नवे, कॅलिपर आपापल्या घरी, हवा काढली. पेडल पहिल्याच दाबात टणक. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारला, गाडी सरळ रेषेत थांबली. दोन्ही रिम सारख्याच कोमट. पॅड मात्र डावीकडचे फार उतरले होते, म्हणून चारही नवे टाकले. जुना डावा होज कापून पाहिला: आतला रबर एका बाजूने जिभेसारखा सुटलाय, फुंकर मारली तर जेमतेम जाते.

घाईत_आहे
मग डिस्क नाही बदलल्या?

जुनं_धूड
नाही. कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, मोजून पाहिलं, अजून त्याच्या बऱ्याच वर आहेत. बाही मात्र गेली.