मदत हवी आहे: एअर रायफलसाठी परवडणारा रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं भिंग), पण चाळिशी आणि चष्म्याचा सिलिंडर नंबर दोन्ही असताना घ्यावा का?

रामबागवाले

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे कॅमेऱ्याच्या लेन्सपासून बोअरच्या पंपापर्यंत सगळ्याचे जाणकार सापडतात, म्हणून विचारतो.

मी इंदूरचा, साठीला टेकलेला. कॉलेजात असताना एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, तेव्हापासूनची खाज. नोकरी-संसारात ती मागे पडली आणि निवृत्त झाल्यावर भाच्याच्या नादाने पुन्हा वर आली. आता घरी एक भारतीय बनावटीची स्प्रिंगची एअर रायफल आहे. नळी मोडून छर्रा भरायची, .१७७, २० ज्यूलच्या आतली, त्यामुळे परवान्याची भानगड नाही. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की एका ओळखीच्यांच्या रेंजवर १० मीटरवरून कागदी टार्गेटवर छर्रे मारायचे, एवढाच कार्यक्रम. पदकबिदक काही डोक्यात नाही. ग्रुप बरा आला, म्हणजे भोकं जवळजवळ पडली, की आठवडा छान जातो.

अडचण अशी की माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, दिसत नाही. तिथे काहीतरी काळं आहे हे कळतं, पण तिची कड कुठे संपते ते कळत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून सरळ पाहिलं तर टार्गेट स्वच्छ आणि माशी धुरकट. मान मागे टाकून चष्म्याच्या खालच्या भागातून पाहिलं तर माशी छान दिसते, पण मग गाल दस्त्यावरून उठतो आणि टार्गेट पार गायब. मागच्या खाचेबद्दल तर बोलायलाच नको. एनसीसीचे उस्ताद कानाशी ओरडायचे, ‘नज़र फोरसाइट की टिप पर!’ उस्ताद, टिप दिसली तर नजर ठेवीन ना.

भाचा म्हणतो, मामा, रेड डॉट लावा, विषय संपला. माशी नाही, खाच नाही, टार्गेटकडे बघायचं आणि लाल ठिपका त्यावर ठेवायचा. ऐकायला झकास. म्हणून रेंजवरच्या एकाच्या रायफलवरचा डॉट डोळ्याला लावून पाहिला. त्याला म्हणे गोल टिंब दिसतं. मला दिसला तो जिलबीचा तुटका तुकडा, एका बाजूने शेपूट फुटलेला. तो म्हणाला, ‘काका, डॉट तर चांगला आहे.’ मग मी काय समजायचं?

उजव्या डोळ्याचा नंबर +१.००, सिलिंडर −१.२५, ॲक्सिस ९०, आणि वाचायचा वाढीव +२.२५. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण डॉक्टर म्हणतात इतक्यात काही करायचं नाही. बजेट माउंटसकट सहा-सात हजार. पेन्शनर माणूस आहे, घरात याहून जास्त आकडा सांगायची सोय नाही.

तर अशा डोळ्यांना रेड डॉटचा उपयोग आहे का, असेल तर केवढ्या ठिपक्याचा घ्यावा, आणि स्प्रिंगच्या रायफलवर स्वस्तातला डॉट टिकतो का? की पैसे चष्म्यावर घालू?

लेन्सवेडा

काका, आधी डॉट चालतो कसा ते सांगतो, म्हणजे निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

आत एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो आणि परत तुमच्या डोळ्याकडे येतो. त्या काचेवरचा थर फक्त लाल प्रकाश परतवतो, बाकीचा आरपार जाऊ देतो, म्हणून स्वस्त डॉटमधून पांढरं टार्गेट थोडं निळसर दिसतं. परत येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यामुळे ठिपका तुमच्या डोळ्यापासून वीतभरावर नसून लांब, टार्गेटच्याही पलीकडे असल्यासारखा दिसतो. डोळ्याला जवळचं फोकस करावंच लागत नाही. चाळिशी लागलेल्यांना रेड डॉट आवडतो तो एवढ्याचसाठी. दूरचं नीट दिसत असलं की काम भागतं.

आता ठिपक्याचा आकार. तो एमओए या कोनाच्या मापात सांगतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिमी, म्हणजे तुमच्या १० मीटरवर २.९ मिमी. पिस्तुलाच्या १० मीटर कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, तेव्हा ४ एमओएचा ठिपका बरोबर त्या दहावर झाकण बसल्यासारखा बसेल. रायफलच्या कार्डावर मात्र दहा म्हणजे अर्ध्या मिमीचं टिंब आणि नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं. २ एमओएचा ठिपकासुद्धा ते नऊ पूर्ण झाकतो. म्हणून एकतर पिस्तुलाचं कार्ड लावा, नाहीतर रायफलच्या कार्डाच्या ३०.५ मिमी काळ्या गोलात ठिपका मधोमध ठेवायची सवय करा. ५-६ एमओएचा घेऊ नका, तो जवळच्या, झटपट नेमासाठी असतो.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. ‘पॅरलॅक्स फ्री’, म्हणजे डोळा सरकला तरी नेम सरकत नाही, असं छापलेलं असतं, पण ते बहुतेक ४०-५० मीटरच्या आसपास खरं असतं. १० मीटरवर तुमचा डोळा काचेच्या मध्यापासून ५ मिमी सरकला तर नेम जवळपास ४ मिमी सरकतो. म्हणजे पिस्तुलाच्या कार्डावर कडेचा दहा सहज नऊ होतो. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे आणि ठिपका काचेच्या मधोमध दिसला पाहिजे. टार्गेटवर ठिपका आला की झालं, असं नाही.

महूवाला

नमस्ते काका, मी पण इंदूरचाच समजा, महूला राहतो. इथे आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, त्यामुळे आमच्या गावात पानाच्या टपरीवरही नेमबाजीवर मत असतं!

स्प्रिंगच्या रायफलबद्दल सांगतो. ही दोन झटके देते. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन नळकांड्याच्या टोकाला आपटतो तेव्हा ती पुढे उसळते. बऱ्याच स्वस्त डॉटना मागचा झटका सोसतो, पुढचा नाही. माझ्या एका मित्राने ऑनलाइन बिननावाचा घेतला होता. आधी बॅटरीचं झाकण सैल व्हायला लागलं, मग ठिपका मधेच विझायचा, शेवटी नेम जुळवायच्या क्लिक फिरवल्या तरी ठिपका हलेना. खोक्यावर ‘एअरगनसाठी’ किंवा ‘स्प्रिंगर रेटेड’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सरळ पुढे जा.

दुसरं, तुमच्या रायफलवर ११ मिमीची डवटेल खाच असणार, आणि बहुतेक डॉट रुंद पिकाटिनी पट्टीचं बूड घेऊन येतात. मधे अडॅप्टर लागेल. तो धक्क्यांनी मागे मागे सरकतो, म्हणून ज्याला स्टॉप पिन आहे तोच घ्या आणि ती पिन रायफलच्या भोकात बसवा. स्क्रूंना निळं लॉकिंग लिक्विड लावा, लाल नको, मग निघता निघत नाही.

पुढेमागे स्पर्धेत उतरायचा विचार आलाच तर डॉट बाजूला ठेवावा लागेल. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० मीटर प्रकारात डॉट किंवा दुर्बीण चालत नाही, तुमचा नंबरचा चष्मा चालतो. पॅरिसला २०२४ मध्ये तो तुर्की काका आठवतोय ना, युसुफ डिकेच? ५१ वर्षांचा, साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिक्स्ड एअर पिस्तुलात रौप्य. त्याच प्रकारात आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला कांस्य. तो पण माशीवरच मारतो बरं का.

तिरपागडा

एवढं सगळं करण्यापेक्षा ४x३२ चा स्कोप (चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण) का नाही लावत?

लेन्सवेडा

@तिरपागडा, लावता येईल, पण साधे ४x३२ लांब अंतरासाठी जुळवलेले असतात, १० मीटरवर टार्गेट धुरकट दिसतं. पुढची काच फिरवून १० यार्डांपर्यंत फोकस होणारा घ्यावा लागेल. शिवाय उभ्याने मारताना ४ पट मोठं दिसतं ते थरथरणंसुद्धा. काकांना रविवारची मजा हवी आहे, ब्लडप्रेशर नव्हे.

बडोद्याची चष्मावाली

काका, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, बडोद्याला. तुमचं शेपूट फुटलेलं टिंब वाचून राहवलं नाही.

चाळिशी आणि सिलिंडर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि डॉटचा त्यांच्याशी उलटसुलट संबंध आहे. चाळिशीत डोळ्यातलं भिंग कडक होतं, जवळचं फोकस जातं. तिथे डॉट मदत करतो. सिलिंडर नंबर असला की बुबुळाची गोलाई दोन दिशांना वेगवेगळी असते आणि प्रखर बारीक ठिपका एका दिशेला ताणला जातो. तिथे डॉटच तुमचं गाऱ्हाणं वाढवतो. माशी काळी आणि रुंद असते म्हणून हे एवढं जाणवत नाही.

पण तुमचा सिलिंडर चष्म्यात आहेच, मग ठिपका का पसरला? मला संशय प्रोग्रेसिव्ह काचेवर आहे. या काचांच्या कडांना आपोआप थोडा नको असलेला सिलिंडर येतो, ती त्यांची बनावटच आहे. रायफलला गाल टेकला की तुम्ही काचेच्या मधून पाहत नाही, वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून तिरकं पाहता.

घरबसल्या तपासा. डॉट चालू करून मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचेतून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर डॉट निर्दोष. मग डॉट हातात धरून त्याच्या नळीभोवती पाव वळसा फिरवा. शेपूट डॉटबरोबर फिरली तर खोट डॉटची, जागच्या जागी राहिली तर डोळ्याची किंवा चष्म्याची. तिसरं, कार्डाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहा. शेपूट आखडली तर प्रश्न नंबराचा आहे आणि नंबराचा प्रश्न सुटतो. आखडली नाही तर मोतीबिंदूमुळे प्रकाश विखुरतोय का, ते डॉक्टरांना विचारा.

आणि डॉटला हात घालायच्या आधी एक कमी खर्चाचा प्रयोग करा. एका जुन्या फ्रेममध्ये फक्त दूरच्या नंबराची साधी काच, सिलिंडर पूर्ण, आणि उजव्या डोळ्याला त्यावर +०.५० किंवा +०.७५ जास्त. तुमच्या डोळ्यापासून माशी साधारण ८५-९० सेंमीवर असेल. एवढ्या वाढीव नंबराने फोकस माशी आणि टार्गेट यांच्या मधे येतो. दोन्ही पूर्ण स्वच्छ नाहीत, पण दोन्ही कामापुरती. त्याबरोबर मागच्या खाचेऐवजी बारीक भोकाची पीप साइट लावलीत तर आणखी स्पष्ट दिसेल, कारण बारीक भोकाने फोकसची खोली वाढते.

फक्त दुकानात रायफल घेऊन जाऊ नका हं! दस्त्याला गाल टेकून डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तेवढा आकडा घेऊन जा. ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलून दाखवतील.

रामबागवाले

मंडळी, शतशः आभार. विशेषतः बडोद्याच्या ताईंचे.

अंतर निघालं ८७ सेंमी. भाच्याने तेवढी काठी कापून टोकाला काळी चिकटपट्टी माशीच्या आकाराची लावून दिली. राजवाड्याजवळच्या चष्म्याच्या दुकानात ती काठी गालाला लावून मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसलो. दुकानातला पोरगा आधी माझ्याकडे, मग काठीकडे बघत होता, पण कारण सांगितल्यावर त्यालाच रस वाटायला लागला आणि मन लावून काचा बदलत बसला. +०.५० ला चिकटपट्टीची कड अजून थोडी पिसारलेली, +०.७५ ला चौकोन कसा चौकोन दिसला आणि तक्त्याच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचता येत होतं. +१.०० ला चिकटपट्टी अगदी तलवारीसारखी, पण तक्ता गेला. जुन्या फ्रेमला +०.७५ ची काच टाकायला दिली आहे.

त्याच बैठकीत साध्या दूरच्या नंबराच्या काचेतून रेंजवाल्या दोस्ताचा डॉटही पाहून घेतला (नुसता डॉट खिशातून नेला होता). शेपूट बरीचशी गेली, थोडं टोक राहिलंच. मोबाइलच्या फोटोत मात्र गोल आला. पाव वळसा फिरवला तर टोक तिथल्या तिथेच. म्हणजे डॉट बरोबर होता. उजेड सगळ्यात खालच्या पायरीवर आणला की टोक जवळपास दिसेनासं होतं, पण त्या डॉटची खालची पायरीही दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये मला जरा भगभगीत वाटली.

आता महूवाल्यांनाच विचारतो. डॉट घेतलाच तर उघड्या काचेचा नको, नळीचा, २ किंवा ३ एमओएचा, आणि उजेडाच्या पायऱ्या पुष्कळ असलेला घ्यावा असं ठरतंय. बुशनेलचा टीआरएस-२५ तसा दिसतो: ३ एमओए, उजेडाच्या ११ पायऱ्या, साधी सीआर२०३२ बॅटरी. पण विकत घेण्याआधी माझ्या डोळ्याने बघायचा आहे. इंदूर-महूकडे कोणाकडे तो, किंवा तसाच नळीचा, असेल तर रविवारी रेंजवर पाच मिनिटं बघू द्याल का? पोहे माझ्याकडून.

महूवाला

माझ्या चुलतभावाकडे आहे काका, त्याच्या पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलवर. रविवारी आणतो. तुमचा नवा चष्मा आला असेल तर तोही घेऊन या, आधी माशीवरच पाच छर्रे मारून बघू, मग डॉट लावू. आणि जिलबी पण लागेल बरं का, नुसत्या पोह्यांवर नाही भागायचं.