डास टिकतो, मग फुलपाखरू का नाही?
एकाच किनाऱ्यावर, डास मारायच्या एकाच फवारणीखाली डास तगतो आणि फुलपाखरू का संपतं, असा प्रश्न पडतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांवरची जोडी बघा. तिथला खाजणातला काळा डास (एडिस टेनिओरिंकस) अंडी पाण्यात घालतच नाही, ओलसर चिखलावर घालतो. ती तशीच पडून राहतात. मोठी भरती किंवा पाऊस आला की एकदम ढीगभर अळ्या. अंड्यांची पहिली खेप तर मादी रक्त न पिताही घालू शकते! वर मैलोन्मैल उडायची तयारी. असल्या चिवट प्राण्याला फवारणी कितीशी पुरणार?

जोडीतलं दुसरं, मायामी ब्लू हे फुलपाखरू, पंख पसरून जेमतेम इंचभर. अंडी सागरगोट्यासारख्या झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर (हो, आपल्याकडे मुली खेळतात तेच सागरगोटे), अळीच्या राखणीला मुंग्या, आणि लांब जाणं नाही. १९९२च्या अँड्र्यू वादळानंतर ते संपलंच असं धरून चालले होते. १९९९मध्ये कीजमधल्याच बाहिया होंडा बेटावर एक वसाहत सापडली. २०१०च्या सुमारास तीही गेली. पण सगळं फवारणीच्या माथी मारू नका. तिथे बाहेरून आलेले इग्वाना (मोठे सरडे) सागरगोट्याचे तेच कोवळे शेंडे फस्त करत होते, अंड्या-अळ्यांसकट.