लोकांना घेऊन पब्लिक आर्ट करायचंय, पण ‘सहभाग’ नक्की कशाला म्हणायचं?

मी चित्रं काढते, थोडं नाटक आणि साउंडचं कामही करते. मागे एका वस्तीत भिंत रंगवली, आउटलाइन माझी आणि रंग लोकांनी भरले, मजा आली, फोटो निघाले, आणि शेवटी एक आजी म्हणाल्या, "तुझं चित्र छान झालंय गं." तुझं! ते डोक्यातनं जातच नाहीये. पुढचं काम खरंच लोकांचं व्हावं असं वाटतं, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
आजींनी बरोबर पकडलं. काय काढायचं ते आधीच ठरलेलं असेल तर लोक नुसता हात लावतात. आधी वेळ दे, डिझाइन नंतर. अमेरिकन कलाकार मिअर्ल लेडरमन युकेलेस यांनी १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या ८,५०० सफाई कामगारांना कामाच्या जागी गाठून प्रत्येकाशी हात मिळवला, आभार मानले, जवळपास वर्ष गेलं त्यात. तूही महिनाभर जाऊन नुसती बस, आणि रेकॉर्डर पहिल्याच दिवशी काढू नकोस.

प्रतिसाद २:
नाटक येतंय ना, मग फोरम थिएटर कर! ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची पद्धत, प्रसंग अडतो तिथे प्रेक्षक "थांबा" म्हणतो आणि स्वतः पात्राच्या जागी येतो. आम्ही मुलगा आईकडे कपाटाची किल्ली मागतो असा प्रसंग केला होता. एक बाई उठून आईच्या जागी आल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त किल्ली मुठीत धरून बसून राहिल्या. मुलाचं काम करणाऱ्याला पुढे काय करावं सुचेना, आणि नंतर तासभर सगळे त्या मुठीबद्दलच बोलत होते. असं आम्हाला लिहून जमलं नसतं.

प्रतिसाद ३:
काम संपल्यावर ते सांभाळणार कोण, हेही आत्ताच विचार. जर्मन कलाकार योझेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेलला ७,००० झाडं लावायला घेतली, म्युझियमसमोर बसाल्ट दगडांचा ढीग, एक झाड लागलं की एक दगड तिथून उचलून झाडाशेजारी रोवायचा, म्हणजे काम किती राहिलं ते येताजाता कुणालाही दिसायचं. १९८६ मध्ये ते गेले, पण शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलंच. आणि हो, बजेटमध्ये लोकांच्या वेळेचे पैसे धर, तुला मानधन आणि त्यांना नुसता चहा हे मला तरी पटत नाही.

मूळ प्रश्नकर्ती:
मानधनाचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू. आधी आजींकडेच जाते, रंग-ब्रश न घेता. त्यांना त्या भिंतीवर काय हवं होतं ते मी विचारलंच नव्हतं.