मदत हवी आहे: थीम पार्कमध्ये दिवसभर ग्लूटेन-फ्री खाणं, भाचीला घेऊन जायचंय

निळीशाई:
लोकहो, जरा अनुभवाचा सल्ला हवा आहे.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिला सिलिॲक असल्याचं निदान झालं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार. सुट्टीत आम्ही भावंडं आपापली पोरं घेऊन एका मोठ्या थीम पार्कला जातोय, सकाळपासून रात्रीपर्यंत. ताईला रजा नाही, म्हणजे भाची पूर्णपणे माझ्या भरवशावर. मी ताईला मोठ्या तोंडाने हो म्हणून बसले आणि आता रोज रात्री त्या पार्कचे मेन्यू वाचत बसते.

घरात तिला काय चालतं, काय नाही, ते मला पाठ आहे. अडचण बाहेरची आहे. पार्कच्या मेन्यूवर काही पदार्थांपुढे गव्हाच्या कणसावर काट मारलेलं छोटं चिन्ह आहे. आणि अगदी खाली, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, "आमच्या स्वयंपाकघरात गव्हाचा वापर होतो, पदार्थ पूर्णपणे ग्लूटेनमुक्त असल्याची खात्री देता येत नाही." मग त्या चिन्हाचा अर्थ काय घ्यायचा? काउंटरवर नेमकं काय विचारायचं? फ्राइज चालतील का? कारण बाकीची चार पोरं फ्राइजवरच जगणार आहेत.

अजून एक. ती हल्ली चारचौघांत "मला भूक नाहीये" म्हणते. भूक असते. पण आपल्यामुळे सगळे थांबलेत हे तिला नको असतं. यावरही कुणी काही सुचवलं तर बरं होईल.

कडूलिंब:
माझ्या मुलालाही सिलिॲक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ती बारीक अक्षरांतली ओळ बहुतेक सगळेच टाकतात. ती वकिलासाठी असते, स्वयंपाक्यासाठी नाही. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये ॲलर्जीवाल्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळा मेन्यू असतो, या बाबतीत लोक त्यांचं नाव घेतात, तरी तेसुद्धा शंभर टक्के हमी देत नाहीत. त्यामुळे ती ओळ वाचून बेत रद्द करू नका. आणि ते चिन्ह बघून निर्धास्तही होऊ नका. चिन्ह एवढंच सांगतं की त्या पदार्थाच्या साहित्यात ग्लूटेन नाही. तो कशावर भाजला, कशात तळला, कोणत्या चिमट्याने उचलला, हे चिन्हाला ठाऊक नसतं.

म्हणून "हे ग्लूटेन-फ्री आहे का?" असं विचारूच नका. काउंटरवरचं पोरगं "हो" म्हणणारच, त्याच्यामागे पन्नास माणसांची रांग आहे. "हे बनवता कसं?" असं विचारा. बन बंद पाकिटातून येतो का? कुठे गरम करता? तेल वेगळं आहे का? हातमोजे बदलता का? ज्याला खरंच माहीत असतं तो पटापट सांगतो किंवा "थांबा, आत विचारून येतो" म्हणतो. दुसरं उत्तर तर मला जास्त आवडतं. "काळजी करू नका मॅडम, काही होत नाही" असं कानावर आलं की तिथून सरळ निघायचं.

तवा_तापला:
अशाच एका पार्कच्या स्वयंपाकघरात काही काळ काम केलंय, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

सगळ्यात मोठा शत्रू घाई. दुपारी बारा ते दोन आत रणधुमाळी असते. त्या वेळात तुम्ही कितीही गोड बोललात तरी आतल्या माणसाच्या कानात शिरत नाही. साडेअकराच्या आत जा नाहीतर अडीचनंतर. तेव्हा शिफ्टचा प्रमुख किंवा शेफ बाहेर येऊन बोलू शकतो, आणि बोलायचं त्याच्याशीच, गल्ल्यावरच्या माणसाशी नाही. काउंटरपेक्षा बसून जेवायचं रेस्टॉरंट बरं, कारण तिथे प्लेट ऑर्डर आल्यावर लागते. काउंटरच्या ठिकाणी बरंच काही आधीच करून दिव्याखाली ठेवलेलं असतं.

आता गफलत कुठे होते बघा. ग्रिलच्या ज्या पत्र्यावर मांस किंवा भाज्या भाजतात, त्याच पत्र्याच्या कडेला बन उलटे टाकून गरम करतात. तुमची भाजलेली भाजी साहित्याने शुद्ध, पण उलथणं मघाशी बनखालून फिरून आलेलं. यावर उपाय सोपा आहे: "स्वच्छ पॅनमध्ये किंवा फॉइलवर करून द्याल का?" एवढंच म्हणायचं. दुसरं म्हणजे सॅलड. वर ब्रेडचे तळलेले तुकडे पडलेले असतात, तक्रार केली की तुकडे वेचून तोच वाडगा परत येतो. वाडगा आत नेऊन अर्ध्या मिनिटात बाहेर आला तर समजून जा.

सॉसकडे लक्ष ठेवा. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. ग्रेव्ही आणि सूप मैद्याने दाट केलेलं असू शकतं. बर्गरच्या पॅटीत ब्रेडचा चुरा असू शकतो. फ्राइजवर भुरभुरायचा मसाला, माल्ट म्हणजे जवाचं काहीही, हे सगळं विचारायचं. आणि जिथे पिझ्झाचं पीठ समोर उडवून थापतात तिथे ग्लूटेन-फ्री पिझ्झा मागवू नका. हवेतच पीठ असतं.

रानवारा:
थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. एका दिवसासाठी एवढा बाऊ कशाला? फ्राइज म्हणजे बटाटा. उकळत्या तेलात राहतंय काय? आणि ग्लूटेन पचवणाऱ्या गोळ्या मिळतात ना, एक देऊन टाकायची.

दुर्बीण:
@रानवारा, रागावत नाही, पण यातलं एकही वाक्य या मुलीला लागू पडत नाही.

ग्लूटेन म्हणजे जंतू नव्हे, प्रथिन आहे. तळल्याने "मरत" नाही. त्याच तेलात आधी पिठात घोळवलेलं काही तळलं असेल तर त्याचे कण तेलात राहतात. अमेरिकेतल्या 2021 च्या एका छोट्या अभ्यासात गव्हाच्या पदार्थांबरोबर एकाच फ्रायरमध्ये तळलेल्या फ्राइज तपासल्या होत्या. 10 रेस्टॉरंटमधल्या 20 ऑर्डरपैकी 9 मध्ये ग्लूटेन सापडलं, आणि एकूण ऑर्डरपैकी पाव हिस्सा 20 पीपीएमच्या वर होता. त्यातला एकही फ्राइजचा पुडा बघून ओळखता आला नसता.

20 पीपीएम ही "ग्लूटेन-फ्री" म्हणायची कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा, म्हणजे किलोला 20 मिलिग्रॅम. अमेरिका आणि युरोपीय संघही तीच मानतात. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सहसा अपाय होत नाही असं मानलं जातं. ब्रेडच्या एका स्लाइसमधलं ग्लूटेन ग्रॅममध्ये मोजावं लागतं. तेव्हा "थोडंसं" म्हणजे किती, हे डोळ्याला कळत नाही.

गोळ्यांचं: ती एन्झाइम्स पोटातल्या ग्लूटेनचा काही भाग तोडतात, पण सिलिॲकवाल्याला त्यांच्या भरवशावर काही खायला देता येत नाही. पथ्याला पर्याय नाहीत त्या.

आणि "काही झालं नाही" हा पुरावा नव्हे. सिलिॲकमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. पोट दुखलं नाही तरी आत नुकसान होऊ शकतं. कुणाला तासाभरात उलट्या होतात, कुणाला दोन दिवस काही जाणवतच नाही.

@निळीशाई, ताईंना एक नक्की विचारून घ्या: फक्त सिलिॲक आहे की गव्हाची ॲलर्जीही? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जीत श्वास अडकण्यापर्यंत मजल जाऊ शकते आणि त्याचं औषध जवळ लागतं.

रानवारा:
फ्रायरचं माहीत नव्हतं. माघार.

कडूलिंब:
फ्राइजबद्दल माझाही नियम तोच. तेल वेगळं असेल तरच. आणि टोस्टर तर अजिबात नको, सगळ्यांचा ब्रेड त्यातच जातो.

दुर्बीण:
टोस्टरबद्दल मात्र जरा थांबा. अमेरिकेतल्याच 2020 च्या एका प्रयोगात साध्या ब्रेडसाठी वापरलेल्या टोस्टरमध्ये ग्लूटेन-फ्री ब्रेड भाजून बघितला, तर एकही नमुना 20 पीपीएमच्या वर गेला नाही. उलट साधा पास्ता उकळलेल्या पाण्यात ग्लूटेन-फ्री पास्ता शिजवला तेव्हा मर्यादा ओलांडली गेली. आपण नेमकं उलटं घाबरतो: टोस्टर बघून दचकतो आणि पास्त्याचं पाणी विचारत नाही.

कडूलिंब:
प्रयोगशाळेतला टोस्टर आणि भर गर्दीतला, तळाशी बोटभर चुरा साचलेला टोस्टर एकच का? मी तरी फॉइलवरच गरम करून घेणार. पास्त्याचं मात्र खरंच लक्षात आलं नव्हतं, विचारत जाईन.

दुर्बीण:
फॉइलला माझी हरकत नाही. एवढंच म्हणतोय की विचारायला दोनच प्रश्न उरले असतील तर ते फ्रायरचे आणि पाण्याचे विचारा.

मोरपंखी:
सगळे स्वयंपाकघरात घुसलेत, मी मुलीकडे वळते. मी स्वतः लहानपणापासून सिलिॲकवाली आहे आणि "मला भूक नाहीये" हे वाक्य मी इतकं वापरलंय की त्यावर माझा कॉपीराइट असायला हवा.

खाण्याची जागा तिच्यावरून ठरवा, पण तसं बोलून दाखवू नका. "आपण इथे जेवतोय" एवढंच सगळ्यांना सांगायचं. तिच्या समोर, सगळ्या भावंडांच्या देखत शेफची उलटतपासणी नको. आदल्या आठवड्यात पार्कला ईमेल करा, दोन जागा नक्की करा. एक जेवणासाठी आणि एक राखीव, कारण ऐन वेळी एखादं रेस्टॉरंट बंद असतं किंवा ग्लूटेन-फ्री बन संपलेले असतात. त्या दिवशी पोरं रांगेत उभी असताना तुम्ही एकट्या पुढे जाऊन बोलून या. शक्य असेल तर तिची ऑर्डर वेगळ्या बिलावर द्या, म्हणजे आत चिठ्ठी वेगळी जाते आणि ट्रेही वेगळा येतो. तो ट्रे हातात आल्यावर पुन्हा एकदा विचारायचं: "हा ग्लूटेन-फ्रीचाच ना?" ट्रेंची अदलाबदल होते.

तिची प्लेट शेवटी आली तर ती ओशाळते. म्हणून तिची ऑर्डर पाच-दहा मिनिटं आधी द्या, सगळ्यांचं एकदम टेबलावर येईल. आणि एकदा जेवण सुरू झालं की चुलत-मावस मंडळींना तिच्या ताटात हात घालायला देऊ नका. "एक फ्राय घेऊ?" म्हणत बर्गरचे हात आत जातात. ग्लूटेनचं हे सोवळं टेबलावरच जास्त मोडतं, स्वयंपाकघरात कमी.

आइस्क्रीम कपात घ्या, कोनात नाही. सगळ्या फ्लेवरचा चमचा एकाच पाण्यात बुचकळतात आणि त्यातल्या एखाद्या फ्लेवरमध्ये बिस्किटाचा चुरा असतोच. नवा डबा उघडून स्वच्छ चमच्याने द्या म्हटलं तर बरेच जण देतात. नाहीतर कागदात बंद येणारी कांडी घ्या आणि त्यावरचं साहित्य वाचा. साधे मक्याचे पॉपकॉर्न बहुधा ठीक, वरच्या मसाल्याचं विचारा.

आणि हात धुवायचे, साबण-पाण्याने. सॅनिटायझर जंतू मारतो, पिठाचे कण काढत नाही.

तवा_तापला:
मोरपंखी, वेगळ्या बिलाचं अगदी बरोबर. आत आम्ही चिठ्ठी वाचतो. माणूस काय बोलला ते आमच्यापर्यंत येतच नाही.

निळीशाई:
केवढं लिहिलंत सगळ्यांनी. ताईला धागा पाठवला. गव्हाची ॲलर्जी नाही, फक्त सिलिॲक, हे तिने कळवलंय. बाहेरचं खाणं आत नेता येतं का हेही पार्कला विचारणार आहे. काही पार्क एरवी मनाई करतात, पण आहाराच्या वैद्यकीय कारणासाठी सूट देतात असं वाचलं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवेन. परवानगी मिळो न मिळो, एका वेळेला पुरेल एवढं तिचं खाणं गाडीत असेलच.

फ्राइजचं ठरलं: वेगळ्या तेलाच्या मिळाल्या तर सगळ्यांना, नाही तर त्या टेबलावर कुणालाच नाही. चौघांची समजूत काढणं माझ्याकडे लागलं.

ईमेलचा मसुदा टाकते, बघा बरं:

"आमच्यासोबत नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला सिलिॲक आजार आहे, ही आवडनिवड नाही. अमुक तारखेला साडेअकराच्या सुमारास आम्ही जेवू. कृपया कळवा: कोणत्या रेस्टॉरंटमध्ये ग्लूटेन-फ्री पदार्थांसाठी वेगळा फ्रायर आहे? ग्लूटेन-फ्री पास्ता वेगळ्या पाण्यात शिजवतात का? बन कुठे गरम करतात? त्या दिवशी तिथे कोणाशी बोलायचं? शक्य असल्यास स्वच्छ पॅन आणि नवे हातमोजे वापरावेत ही विनंती. वैद्यकीय कारणासाठी तिचं खाणं आत आणता येईल का?"

कडूलिंब:
चांगला आहे. फक्त "शक्य असल्यास" काढा. "स्वच्छ पॅन आणि नवे हातमोजे वापरता का?" असा सरळ प्रश्न करा, म्हणजे हो किंवा नाही लिहावं लागेल. विनंतीला लोक "नक्की प्रयत्न करू" असं उत्तर देतात आणि त्याचा काही उपयोग नसतो.

तवा_तापला:
आणि आलेल्या उत्तराचा प्रिंट घेऊन जा. फोनची बॅटरी दुपारपर्यंत पोरांच्या फोटोंत संपते.