दोन कॉम्प्युटर एकमेकांना सापडत नाहीत, अर्जंट मदत हवी (अक्कलकोट रोड, सोलापूर)

टेरीवाला: एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसमधून दिलेली लेबलची प्रिंट मागे पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर निघते. आज सकाळपासून बंद. पिंग केलं (दुसरा कॉम्प्युटर उत्तर देतो का बघितलं) की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच येत नाही. दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित आहे. संध्याकाळी गाडी भरायचीय, लवकर सांगा.

लूमलाइन: केबल बघा. शंभर मीटरच्या वर नेलीय का? मोटारींच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेली की असलाच त्रास होतो. आमच्या शेडमध्ये वेगळा पाइप टाकला तेव्हा थांबला.

नवीपेठकर: इंटरनेट चालतंय म्हणालेत की हो. मग केबल कशी गेली असेल? फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारं सॉफ्टवेअर) आहे ही. बंद करून टाका.

जुना_हार्डवेअरवाला: बिलिंगच्या मशिनची फायरवॉल बंद करायला सांगू नका. फार तर विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' करून प्रिंटर शेअरिंगला परवानगी द्या. टेरीवाला, दोन्हीकडे आयपीकॉन्फिग ही कमांड मारून आयपीचे (नेटवर्कवरच्या पत्त्याचे) आकडे टाका. काल काय बदललं?

टेरीवाला: काही बदललं नाही. ऑफिस १९२.१६८.१.१०, पॅकिंग १९२.१६८.०.१०५. पॅकिंगमधून ऑफिसला पिंग होतंय, इकडून तिकडे होत नाही.

चादरप्रेमी: लेबलवर जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह छापता का? सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना मानांकन आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते.

जुना_हार्डवेअरवाला: आयपीतला तिसरा आकडा बघा, एकीकडे १, दुसरीकडे ०, म्हणजे दोन वेगळी नेटवर्क झालीत. मध्ये दुसरा राउटर आहे.

टेरीवाला: भावाने रात्री पॅकिंगमध्ये मोबाइलला वायफाय हवं म्हणून एक लावलाय. त्याचा प्रिंटरशी काय संबंध?

जुना_हार्डवेअरवाला: सगळा संबंध तिथेच आहे. ऑफिसची केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या खाचेत) असणार. मग तो आपलं वेगळं नेटवर्क करतो. आतून बाहेर जाऊ देतो, बाहेरून आत कुणाला येऊ देत नाही. म्हणून पिंग एकाच बाजूने होतंय. आधी त्याचा लॅन (आतल्या नेटवर्कचा) आयपी १९२.१६८.१.२ करा (तो दुसऱ्या कशाला दिलेला नाही ना बघून), मग त्यातलं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा, शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावा. वायफाय चालूच राहील.

लूमलाइन: तरी पाइप वेगळा कराच.

नवीपेठकर: एवढं कशाला? फाइल पेन ड्राइव्हने न्या.

टेरीवाला: दिवसभर पेन ड्राइव्ह घेऊन कोण पळणार? केलं सांगितल्याप्रमाणे. पॅकिंगला १९२.१६८.१.२४ आला, दोन्हीकडून पिंग होतंय. पण प्रिंटर ऑफलाइनच दाखवतोय.

जुना_हार्डवेअरवाला: ऑफिसमध्ये तो जुन्या आयपीने जोडलेला असेल. काढा आणि कॉम्प्युटरच्या नावाने पुन्हा जोडा. मुख्य राउटरमध्ये .२४ त्या मशिनसाठी राखूनही ठेवा.

टेरीवाला: निघाली लेबलं! फार उपकार झाले. पॅकिंग सुरू केलंय.